राजवाड्यावर म्हणजे छतावर नव्हे

इंदुरात कुणी "सातला राजवाड्यावर भेटू" म्हटलं, तर आपण राजवाड्याच्या सातव्या मजल्याकडे मान वर करून पाहत नाही. समोरच्या बागेपाशी जाऊन उभे राहतो. "सराफ्यात भेटू" म्हटलं की मात्र गल्लीत शिरून भुट्ट्याच्या कीसाच्या दुकानापर्यंत जायचं, हेही न सांगता कळतं. दोन्ही जागा अगदी शेजारी, तरी एकीला 'वर' आणि दुसरीला 'त'.

हे मला आठवलं ते नववीतल्या भाचीमुळे. ती म्हणाली, "मामा, ऑटोत बसलं तर इन आणि बसमध्ये बसलं तर ऑन. आपण काय टपावर बसतो?" तिच्याकडून शाळेत तक्ता पाठ करून घेतला होता: इन म्हणजे 'त', ऑन म्हणजे 'वर'. माझ्या मते मुलांची अडचण या तक्त्यातच आहे. ही अव्ययं नुसती जागा दाखवत नाहीत. बोलणारा त्या जागेकडे कसा पाहतो, तेही सांगतात.

नकाशावर टोचलेली टाचणी म्हणजे ॲट, रेघ किंवा पृष्ठभाग म्हणजे ऑन, कुंपण घातलेला भाग म्हणजे इन. म्हणून 'ॲट द बस स्टॉप', 'ऑन एम. जी. रोड', 'इन इंदूर'. पण महूहून निघालेली गाडी वाटेत थांबते तेव्हा तेच इंदूर प्रवासाच्या रेघेवरचा एक ठिपका होतं आणि इंग्रज म्हणतो, 'द ट्रेन स्टॉप्स ॲट इंदूर'. शहर तेच असतं, फक्त पाहणारा लांब गेलेला असतो.

आता वाहनं. मोटार, टॅक्सी, ऑटो, होडी यांत आपण वाकून शिरतो आणि बसूनच राहतो, तिथे इन. बस, आगगाडी, विमान, जहाज यांत चढून उभं राहता येतं, चालता येतं, तिथे ऑन. सायकल आणि घोड्याला आतली बाजूच नाही, म्हणून तिथेही ऑन. उतरतानाही हाच भेद राहतो: मोटारीतून 'गेट आउट ऑफ', बसमधून 'गेट ऑफ'. 'बाय बस' म्हणताना मात्र एखादी ठरावीक बस डोळ्यापुढे नसते, नुसती प्रवासाची रीत असते, म्हणून मध्ये 'द' येत नाही.

चालण्या-बसण्याचा हा आडाखा उपयोगी आहे, पण अपुरा. चार्ल्स फिलमोर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने एक सुंदर निरीक्षण नोंदवलं आहे. मोकळ्या मैदानात पडून राहिलेल्या मोडक्या बसमध्ये मुलं खेळत असतील, तर ती 'इन द बस' असतात. 'ऑन द बस' म्हणायला बस फेरीवर असावी लागते. म्हणजे ऑनमध्ये टप नाही, प्रवास आहे! आपणही म्हणतोच की, "तो ट्रकवर ड्रायव्हर आहे." तो काही ट्रकच्या छतावर बसलेला नसतो.

मग जगाचे 'आत' आणि 'वर' असे दोन भाग निसर्गानेच पाडलेत का? स्पॅनिश माणूस टेबलावरच्या आणि पेटीतल्या वस्तूला एकच 'एन' लावतो. डच भाषेत टेबलावरच्या कपाला 'ऑप', तर दाराच्या मुठीला 'आन'. आपल्याकडे अंगठी बोटात असते आणि इंग्रजाकडे ती बोटावर. खरं तर बोटच अंगठीत जातं! सूनजा चोई आणि मेलिसा बाउअरमन यांनी १९९१ साली कोरियन मुलांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. कोरियन भाषेत आत की वर यापेक्षा घट्ट की सैल हे महत्त्वाचं. बोटात अंगठी आणि डबीत चपखल कॅसेट यांना 'क्किता' हे एकच क्रियापद, वाडग्यात सफरचंद ठेवायला वेगळं. बोलायला नुकती लागलेली मुलंही आपापल्या भाषेची ही वाटणी पाळतात.

२००४ साली सुसान हेस्पोस आणि एलिझाबेथ स्पेल्के यांनी याहून लहान, ५ महिन्यांची बाळं पाहिली. घरात इंग्रजी असूनही त्यांना घट्ट-सैल हा भेद जाणवत होता. घट्ट बसणारी वस्तू पाहून कंटाळलेलं बाळ सैल बसणारी दिसताच जास्त वेळ टक लावून बघायचं. बाळाला दिसणाऱ्या भेदांपैकी काही त्याची भाषा जवळ करते, काही बाजूला ठेवते.

भाचीचा शेवटचा प्रश्न होता, "मग ॲटला मराठीत काहीच नाही का?" आहे ना! सप्तमीचा 'ई'. "बाबा घरात आहेत" म्हणजे भिंतींच्या आत, इन द हाउस. "बाबा घरी आहेत" म्हणजे ते अंगणात असोत की गच्चीवर, ॲट होम. आणि 'गो टू होम' का चुकतं, तेही इथेच कळतं. जुन्या इंग्रजीत 'घराकडे' हा अर्थ होम या शब्दाच्या रूपातच सामावला होता. म्हणून त्याला वेगळं 'टू' लागत नाही, जसं आपण कुणाला "घरीला जा" म्हणत नाही.