मजकुरात नसलेला अर्थ मुलांना सापडतो कुठून?

‘शालन घरी आली. उंबऱ्यापाशी चपलांचे दोन अनोळखी, ओले जोड होते. आत जाऊन तिने आधणात दोन कप पाणी वाढवलं.’

ही तीन वाक्यं सातवी-आठवीच्या मुलांना वाचायला द्या आणि विचारा, काय झालं असेल? पाऊस पडतोय, घरी दोन पाहुणे आलेत, शालन त्यांच्यासाठी चहा टाकतेय, असं बहुतेक मुलं सांगतील. पाऊस, पाहुणे आणि चहा यांपैकी एकही शब्द मजकुरात नाही. आता ‘दोन कप’च्या जागी ‘दोन तांबे’ लिहा. चहा गेला, भात आला आणि पाहुणे जेवायला थांबले! एवढा मोठा बदल त्या एका शब्दाने एकट्याने केलेला नाही. कपाने पाणी कशाला मोजतात आणि तांब्याने कशाला, हे मुलांना घरात वावरताना ठाऊक झालेलं असतं. वाचताना मेंदू ते ज्ञान शब्दांना जोडतो आणि मनात एक प्रसंग उभा करतो. म्हणूनच थोड्या वेळाने नेमके शब्द विसरतात, पण प्रसंग लक्षात राहतो.

हे ज्ञान प्रत्येकाचं सारखं नसतं. १९७९ साली मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी काही भारतीय आणि काही अमेरिकन प्रौढांना दोन पत्रं वाचायला दिली. एकात भारतीय लग्नाचं वर्णन होतं, दुसऱ्यात अमेरिकन. नंतर जे आठवेल ते लिहायला सांगितलं. आपल्याकडच्या लग्नाचं पत्र दोन्ही गटांनी जास्त वेगाने वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. परक्या लग्नाच्या पत्रात मात्र अर्थ वाकडे झाले. अमेरिकन पत्रातल्या नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिथे ही अभिमानाची, घराण्याची परंपरा जपण्याची गोष्ट. एका भारतीय वाचकाला मात्र आठवलं ते असं, की नवरी दिसत होती ठीक, पण तिचा पोशाख जुना आणि फॅशनबाहेरचा होता.

या वाचकाला इंग्रजी कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्याने शब्द बरोबरच वाचले. आजीची पैठणी नातीने मिरवणं आपल्यालाही नवं नाही. पण बोहल्यावर उभं राहताना वस्त्र कोरं हवं, ही समजूत आपल्यात इतकी मुरलेली आहे, की मला वाटतं, त्याने तो पोशाख या समजुतीच्याच चष्म्यातून पाहिला असावा. एखादा मुलगा धड्याचा भलताच अर्थ सांगतो तेव्हा ‘लक्ष कुठे होतं?’ असं विचारून आपण मोकळे होतो. तो अर्थ कुठून आला, हे शोधायला हवं.

हे ज्ञान जवळ असून भागत नाही, ते वेळेवर जागंही व्हावं लागतं. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ साली एक परिच्छेद लोकांना ऐकवला. वस्तूंचे वेगवेगळे ढीग करा, एकदम फार घेऊ नका, काम झालं की पुन्हा ढीग करून जागच्या जागी ठेवा, अशा धाटणीचा. शब्द सगळे सोपे, पण कशाबद्दल चाललंय ते कळेना. विषय होता कपडे धुण्याचा. ज्यांना हे आधी सांगितलं, त्यांना इतरांच्या सुमारे दुप्पट मुद्दे आठवले. ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितलं, त्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. म्हणून धड्याची पार्श्वभूमी वाचनाच्या आधी यायला हवी, शेवटी ‘हे खरं तर अमुक काळातलं आहे’ असं सांगून फारसं साधत नाही.

१९८८ साली डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची ठरलेली पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. ‘वाचनात कच्चा’ हा शिक्का मारण्याआधी मुलासमोर कोणत्या विषयाचा उतारा ठेवला होता, ते पाहायलाच हवं.

साहित्यात तर एकाच वाक्याचे अनेक अर्थ खरे असू शकतात. काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात याचं सुरेख उदाहरण दिलं आहे: ‘गतोऽस्तमर्कः’, सूर्य मावळला. सैन्याला सांगितलं तर शत्रूवर चालून जायची वेळ झाली. प्रियकराला भेटायला निघणाऱ्या स्त्रीला सांगितलं तर निघ आता. मजुरांना सांगितलं तर काम थांबवा, गुराख्याला सांगितलं तर गाई घरी आण. शब्द तेच. कोण कोणाला, कुठे आणि कशासाठी सांगतंय, त्यावर व्यंग्यार्थ, म्हणजे शब्दांमागून सुचणारा अर्थ, बदलतो.

याचा अर्थ मनाला येईल ते खरं, असा मात्र होत नाही. ‘सूर्य मावळला’ यातून ‘आता उन्हात कपडे वाळत घाल’ असा अर्थ निघत नाही. अमेरिकेतल्या साहित्याच्या अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ पासून हेच आग्रहाने मांडलं: अर्थ वाचक आणि मजकूर यांच्या देवाणघेवाणीत घडतो, आणि वाचकाला मजकुराशी प्रामाणिक राहावं लागतं.

वर्गात हे शिकवायला दोन प्रश्न पुरतात. ‘तुला काय वाटलं?’ आणि लगेच ‘कशावरून?’ पहिला सगळेच विचारतात, दुसरा फार कमी जण. मुलाने ‘शालन पाहुण्यांवर वैतागली आहे’ असं म्हटलं, तर बोट कोणत्या शब्दावर ठेवतोस ते दाखव म्हणावं. बोट ठेवायला जागा नसेल, तर तो अर्थ त्याने घरून आणला आहे. तो का आणला, हे त्याला सांगू द्यावं. मग ‘पाणी वाढवलं’च्या जागी ‘पाणी ओतलं नि झाकण आदळलं’ लिहून बघावं. आता बोट ठेवायला जागा मिळते. वहीत दोन रकाने आखावेत, एकात ‘मजकुरात काय आहे’, दुसऱ्यात ‘माझ्याकडून काय आलं’. रसग्रहण लिहिण्याआधी मुलांनी हे रकाने भरले आणि शेजारच्याच्या वहीशी ताडून पाहिले, तर गाइडमधलं छापील उत्तर उतरवायची गरज पुष्कळ कमी होते. पहिल्या रकान्यात दोघांचं बरंचसं जुळतं. दुसऱ्यात जुळत नाही, आणि तासाचा बराच वेळ तिथेच द्यावा.