काजाचे मशीन

काजाचे मशीन : बटण अडकवण्यासाठी कापडाला चीर पाडून तिच्या दोन्ही कडा दाट टाक्यांनी बांधणारे शिवणयंत्र, किंवा त्याच कामासाठी साध्या शिवणयंत्राला बसवायचे जोडसाधन. 'काज' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'काझा' म्हणजे घर, आणि बटणाच्या चिरेलाही ते तोच शब्द वापरतात. खानदेशात जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारात मशिनापेक्षा कामाचेच नाव जास्त ऐकू येते : 'काज-बटण'. दुकानाच्या पाटीवरही तेवढेच दोन शब्द असतात.

बटण आणि काज ही जोडी आपल्या पेहरावात तशी नवी. बाराबंदी, अंगरखा, बंडी हे कपडे बंदांनी बांधले जात, फार तर कापडाची गुंडी आणि तिच्यासाठी दोऱ्याचा फास असे. कापडाला भोक पाडून त्यातून बटण ओवायची रीत युरोपात तेराव्या शतकाच्या सुमारास रुळली. आपल्याकडे ती कोट आणि शर्टाबरोबर घरोघरी आली. बंद बांधण्यापुरते शिवण येणाऱ्या हाताला काज मात्र वेगळे शिकावे लागले.

हाताचे काज करणाऱ्याला विचारा, तो सांगेल की शिवणातले हे सर्वात किचकट काम. कापड कापायचे, पण कापलेली कड सुटू द्यायची नाही, ही त्यातली मेख. आधी खडूने रेघ मारायची, काजपट्टीच्या आत बकरमचा, म्हणजे ताठर अस्तराचा, तुकडा आहे ना हे बोटाने चाचपायचे, मग टोकदार कात्रीने चीर द्यायची. कडेवरून विरळ टाके घालून धागे धरून ठेवायचे आणि त्यावर काजटाका भरायचा. काजटाक्यात सुई कापडातून वर येताना दोरा तिच्याखालून फिरवून घेतात, त्यामुळे प्रत्येक टाक्याची बारीक गाठ बरोबर चिरेच्या कडेवर बसते. बटण रोज घासते ते या गाठींवर, कापडावर नाही. दोन्ही टोकांना आडवे टाके घालून चीर पुढे फाटणार नाही अशी बांधायची. सरावलेल्या हातालाही एका काजाला पाच-सात मिनिटे लागतात. पूर्ण बाहीच्या शर्टाला पुढे सहा, कॉलरच्या पट्टीला एक, कफांना दोन अशी नऊ काजे धरली, तर शर्ट शिवायला लागतो त्यातला मोठा वेळ नुसता काजांवर जातो.

म्हणूनच शिवणयंत्र आले तरी काज बराच काळ हातसुईकडेच राहिले. इलायस हौ याने दोन धाग्यांच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट 1846 मध्ये घेतले, आयझॅक सिंगरचे 1851 मध्ये निघाले. ही यंत्रे सरळ रेषेत भराभर पळत; पण काजाला सरळ रेष उपयोगाची नाही. तिथे सुई कडेच्या आत एकदा आणि कडेवर एकदा अशी आलटून पालटून पडली पाहिजे, एक बाजू भरली की टोकाला वळून दुसरी बाजू भरली पाहिजे, आणि कापड कापायचे काम वेगळेच. सुई डोलवायची की कापड, हा प्रश्न तिथे उभा राहिला. पुढच्या शंभर वर्षांतल्या सगळ्या सुधारणा या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत, असे म्हटले तरी चालेल.

अमेरिकेत सेंट लुईसच्या चार्ल्स मिलरने काज शिवण्याच्या यंत्राचे पेटंट 1854 मध्ये घेतले. या प्रकारचे ते पहिले मानले जाते. हेलन ब्लँचर्ड या बाईंनी 1873 मध्ये नागमोडी, म्हणजे झिगझॅग टाक्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. शिवणयंत्राच्या इतिहासात हौ आणि सिंगर यांची नावे सगळ्यांना पाठ असतात. ब्लँचर्डचे नाव मात्र शिवणवर्गातही क्वचितच घेतले जाते, आणि हे बरोबर नाही. सुई आडवी डोलली नसती तर आजचे यंत्रातले काज झालेच नसते. बॉस्टनच्या जॉन रीसने 1881 च्या सुमारास कारखान्यात टिकेल असे काजयंत्र बाजारात आणले. त्यात कापड घट्ट धरून ठेवलेले असे आणि शिवणारी यंत्रणाच काजाभोवती फिरे. तयार कपड्यांचा धंदा वाढला त्यामागे या यंत्राचा मोठा वाटा आहे.

घरच्या मशिनीचे जोडसाधन

पायमशिनीची सुई फक्त वर-खाली होते. ती डोलत नाही आणि तिला डोलवताही येत नाही. तेव्हा कापड डोलवायचे, हे उत्तर ज्याने काढले त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. विसाव्या शतकाच्या मध्यात सिंगर, ग्रीस्ट यांच्या कंपन्यांनी ही जोडसाधने लाखो घरांत पोचवली. आपल्याकडे जुन्या काळ्या मशिनीच्या खणात एखादा डबा सापडतो. त्यात चपट्या कासवासारखे एक लोखंडी साधन आणि चार-पाच पत्र्याचे साचे असतात, ते हेच.

कापड दाबून धरणारा प्रेशर फूट काढून त्याच्या दांड्याला हे साधन बसवतात. त्याला एक दुबेळक्यासारखा हात असतो. तो सुई धरणाऱ्या स्क्रूवर अडकवायचा. मशिनीचे दाते एका पत्र्याने झाकून टाकायचे, म्हणजे ते कापड ओढणार नाहीत. आता पाय मारला की सुई वर-खाली होते, तिच्याबरोबर हा हात वर-खाली होतो, आणि प्रत्येक झटक्याला आतले दातेरी चाक एक दात पुढे सरकते. चाकाबरोबर साचा फिरतो. साच्यात काजाच्या आकाराची खाच असते, त्या खाचेतून फिरणारी खुंटी खालच्या चिमट्याला आणि चिमट्यातल्या कापडाला काजाच्या वाटेने नेते. त्याच वेळी कापड एका टाक्याला डावीकडे, पुढच्याला उजवीकडे सरकते. सुई जागच्या जागी आणि कापड तिच्याखाली नाचते आहे, असे दिसते. मोठे काज हवे तर साचा बदला, कोटासारखे गोल डोळ्याचे हवे तर तसा साचा घाला. फेरी पूर्ण झाली की पुन्हा एक फेरी मारतात. दुसऱ्या फेरीने काज भरदार होते. चीर मात्र शेवटी ब्लेडने हातानेच द्यावी लागते, आणि टोकाला टाचणी आडवी टोचून ठेवली नाही तर ब्लेड टाक्यांसकट पार निघून जाते.

नंतर झिगझॅग घरगुती मशिनी आल्या आणि सुईच डोलू लागली. अलीकडच्या मशिनींत बटण फूटच्या मागच्या खोबणीत ठेवायचे. त्याच्या व्यासावरून मशीन लांबी ओळखते आणि टोकाला पोचले की आपोआप मागे फिरते.

काजवाल्याचे मशीन

बाजारातल्या काजवाल्याकडे असते ते वेगळे, फक्त काजच करणारे मोटरचे यंत्र. जपानी जुकी कंपनीच्या यंत्रांचे एलबीएच घराणे यात प्रसिद्ध. त्याच धर्तीची चिनी यंत्रे आज तालुक्याच्या गावीही दिसतात. मिनिटाला 3600 टाक्यांपर्यंत, काहींचा त्याहूनही पुढे, त्यांचा वेग जातो. यात सुई डोलते आणि कापड धरणारा चिमटा पुढे-मागे जातो, म्हणजे काम दोघांत वाटलेले.

दृश्य असे असते. काजवाला शर्टाची काजपट्टी खडूच्या खुणेवर चिमट्याखाली सरकवतो, डाव्या तळव्याने कापड सपाट करतो आणि पॅडल दाबतो. चिमटा खाली बसतो, सुई एक बाजू भरत जाते, टोकाला रुंद टाके टाकून बांधते, दुसरी बाजू भरत परत येते. शेवटचे टाके पडत असतानाच वरून पाते येते आणि 'खट्ट' असा आवाज होतो. काज तयार. काही सेकंदांचे काम. तो शर्ट ओढून पुढच्या खुणेवर घेतोसुद्धा, मान वर न करता. दुकानात उभे राहिले की टाक्यांची घरघर आणि मधे मधे तो खट्ट आवाज एवढेच ऐकू येते. जुना कारागीर त्या आवाजावरून पाते बोथट झाले की नाही ते ओळखतो.

आधी शिवायचे आणि मग कापायचे, ही या यंत्राची रीत. त्यामुळे कडा नीट धरलेल्या असतात, पण चीर टाक्यांच्या आत पडत असल्याने कापलेल्या धाग्यांची बारीक लव काजात दिसत राहते. काजवाला ती कात्रीच्या टोकाने काढतो, घाईत असला तर तशीच सोडतो. कोटाच्या आणि जीन्सच्या यंत्रात एका टोकाला गोल डोळा असतो, म्हणजे बटणाच्या देठाला बसायला जागा मिळते. तिथे साखळी टाका वापरतात, आणि कडेला उठाव यावा म्हणून टाक्यांच्या आत एक जाड दोरा घालतात. आधी कापून मग शिवायची सोयही अशा यंत्रात असते. तसे केले की टाके कापलेल्या कडेलाच गुंडाळले जातात आणि काज हातकामासारखे दिसते.

मापाचे गणित साधे आहे, पण चुकले की कपडा वाया. बटणाचे माप 'लाइन'मध्ये मोजतात. 40 लाइन म्हणजे एक इंच. शर्टाचे नेहमीचे बटण 18 लाइनचे, म्हणजे सुमारे साडेअकरा मि.मी. व्यासाचे. काजाची लांबी त्यात बटणाची जाडी मिळवून धरायची. लांबी बदलली की पातेही त्याच मापाचे बसवावे लागते. पाते मोठे राहिले तर टोकाचे टाके कापते, लहान राहिले तर काज अर्धे बंद राहते. टाक्यांची दाटी बदलायची तर बऱ्याच यंत्रांत आतले दातेरी चाक बदलावे लागते. ही दगदग टाळण्यासाठी काजवाला शक्यतो एकाच मापावर दिवस काढतो आणि कुर्त्याची मोठी काजे साठवून एकदम करतो.

पुढची काजे उभी आणि कॉलर-कफांची आडवी असतात. बटण ताणाच्या दिशेने काजाच्या टोकाला जाऊन टेकते. कॉलरवर आणि कफावर ताण आडवा येतो, म्हणून काजही आडवे. पुढच्या पट्टीवर ओढ कमी, तिथे उभे काज अरुंद पट्टीत नीट बसते. पुरुषांच्या कपड्यात काजे डाव्या बाजूला आणि बायकांच्या कपड्यात उजव्या बाजूला येतात. नवशिक्याच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे काजे बटणपट्टीवर पडणे.

खानदेशातले काज-बटण

खानदेश हा कापसाचा मुलूख. रेल्वे 1860 च्या दशकात या भागात आली. पुढे अमळनेर, जळगाव, चाळीसगाव, धुळे इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. तेव्हा कापड इथलेच आणि शिवणारा शिंपीही इथलाच असे. अहिर शिंपी समाजाची घरे खानदेशाच्या गावोगावी आहेत. गावातल्या शिंप्याला पायमशीन परवडते. काजाचे मशीन तो घेत नाही, कारण एका गावात त्याला दिवसभर पुरेल एवढे काम नाही. म्हणून काज हा तालुक्याच्या गावी बसलेल्या वेगळ्या माणसाचा धंदा झाला. धरणगाव, पारोळा, यावल, साक्री असल्या गावांभोवतीचे शिंपी शिवलेले शर्ट गाठोड्यात बांधून बाजाराच्या दिवशी एसटीने आणतात, काजवाल्याकडे टाकतात, दोरा-अस्तर-बकरम खरेदी करतात आणि परतताना गाठोडे उचलतात. 'काजं व्हयनात का भो?' (काजे झाली का, भाऊ?) हा प्रश्न त्या बोळात दिवसातून शंभरदा ऐकू येतो. पैसे नगावर ठरतात आणि खाते बहुधा वहीत चालते. ग्राहकाला या माणसाचे नावही माहीत नसते. त्याच्या दृष्टीने शर्ट शिवला तो गावच्या शिंप्याने. पण रोज हाताला लागते ते काज दुसऱ्याच कोणाचे असते.

आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई आणि जूनमधले शाळेचे गणवेश यांच्या आधी काजवाल्याकडे गठ्ठे छताला लागतात. नेमका हाच काळ खानदेशातल्या कडक उन्हाचा. भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि वीज कधीही जाते. काज अर्धे असताना वीज गेली तर कापड ओढून काढायचे नसते. चाक हाताने फिरवून फेरी पूर्ण करावी लागते, नाहीतर दोन्ही धागे कापडात अडकून टाके गोळा होतात. उन्हाळ्यात कोरड्या हवेने दोराही ठिसूळ होतो, पत्र्याच्या छपराखाली तर जास्तच. काही कारागीर रीळ झाकून ठेवतात, काही जण दोऱ्याचा ताण थोडा सैल करतात. बारीक लव आणि धूळ बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, खोबणीत साचते. दिवसातून दोनदा ब्रशने काढून तेलाचा थेंब सोडला नाही तर टाके सुटायला लागतात.

आणि टाका सुटला तर धोका इथेच आहे. मधेच वरचा दोरा तुटला आणि ते लक्षात आले नाही, तर सुई रिकामीच फेरी मारते आणि पाते मात्र वेळेवर खाली येते. टाके नाहीत आणि कापडाला उघडी चीर पडलेली. काही यंत्रांत दोरा तुटला की पाते रोखणारी योजना असते, पण ती नीट लावलेली असेल तर. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याआधी त्याच कापडाच्या चिंधीवर, दोन पदर घालून आणि आत बकरम ठेवून, एक काज करून पाहतात. सावध काजवाला ती चिंधी फेकत नाही, मशिनीच्या बाजूला टाचणीने लावून ठेवतो. शिंप्याने तक्रार आणली तर दाखवायला ती उपयोगी पडते.

उघडी पडलेली चीर यंत्राने पुन्हा शिवता येत नाही, कारण चिमट्याखाली कडा एकमेकींपासून सरकतात. मागून बारीक बकरम चिकटवायचे, कडांवर विरळ टाके घालून त्या जवळ आणायच्या आणि मग हातसुईने काजटाका भरायचा, एवढाच इलाज. खादीसारख्या विरळ विणीच्या कापडावर तेही कठीण. तिथे एक-दोन धागे आधीच निसटलेले असतात, म्हणून टाका कडेपासून जरा आतून घ्यावा लागतो आणि ते काज शेजारच्या काजांपेक्षा किंचित जाड दिसते.