उपनगर की उपग्रह शहर? घर घेण्याआधी समोरचा फलाट बघा

शहराच्या वेशीबाहेर वाढत चाललेल्या भागात घर बघायला लोक बहुधा रविवारी जातात. सुट्टी असते, रस्ते मोकळे असतात, घरातले सगळे सोबत येतात. नमुना सदनिका बघून होते, गॅलरीतून लांबवरची झाडं दिसतात, खाली मुलं सायकली फिरवत असतात. परतीच्या वाटेवर गाडीत सगळ्यांचं एकमत होतं की इथे राहायला छान वाटेल. वाटेलही. पण रविवारचा तो भाग आठवड्यातून एकच दिवस तसा असतो, आणि घर घ्यायचं ते सातही दिवसांसाठी.

अशा जागांच्या जाहिरातीत ‘नवं शहर’, ‘स्वयंपूर्ण टाउनशिप’, ‘शहरालगतचं उपनगर’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. बोलतानाही आपण उपनगर आणि उपग्रह शहर यांत फारसा फरक करत नाही. दोन्ही मोठ्या शहराच्या आसपास, दोन्हीकडे नव्या इमारती, दोन्हीकडे शहरापेक्षा थोडी जास्त हवा. नगररचनेत मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं तर म्हणणं आहे की घर घेणाऱ्याला हा फरक नगररचनाकारापेक्षाही जास्त माहीत हवा, कारण त्याचे परिणाम रोज सकाळ-संध्याकाळ त्यालाच भोगायचे असतात.

उपनगर म्हणजे मूळ शहराचाच पसरलेला भाग. माणसं झोपतात इथे, कमावतात तिकडे. उपग्रह शहर मोठ्या शहराच्या प्रभावात असतं, पण त्याचे स्वतःचे कारखाने आणि कचेऱ्या असतात, बाजार, रुग्णालय, महाविद्यालय असतं, बहुतेकदा कारभारही वेगळा असतो. मोठ्या शहरात जाणं-येणं राहतंच, पण पोटापाण्यासाठी प्रत्येकाला रोज तिकडे धाव घ्यावी लागू नये, अशी त्यामागची कल्पना.

ही कल्पना मांडणारा माणूस ना वास्तुविशारद होता ना अभियंता. लंडनमध्ये संसदेच्या कामकाजाचं लघुलेखन करून पोट भरणाऱ्या एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये ‘उद्यान नगरी’ची योजना लोकांपुढे ठेवली. सुमारे ३२,००० वस्तीचं गाव, भोवती शेतीचा पट्टा, आत घरांइतकेच महत्त्वाचे कारखाने, आणि जमीन सामायिक मालकीची, म्हणजे तिचं मोल वाढलं तर तो पैसा गावाच्याच कामी यावा. १९०३ मध्ये लंडनच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर लेचवर्थ उभं राहू लागलं. रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर यांनी त्याचा आराखडा केला. तिथे छापखाना आला, कॉर्सेट बनवणारा मोठा कारखाना आला, आणि माणसं कामाला चालत जाऊ लागली.

चारच वर्षांनी, १९०७ मध्ये, समाजकार्य करणाऱ्या हेन्रिएटा बार्नेट यांच्या पुढाकाराने लंडनच्या उत्तर टोकाला हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब आकाराला आलं. आराखडा पुन्हा अन्विन आणि पार्कर यांचाच. तीच कौलारू घरं, तेच वळणदार रस्ते, तीच कुंपणाची झुडपं. दोन्हीकडची छायाचित्रं शेजारी ठेवली तर कुठलं कोणतं हे ओळखणं अवघड जावं. फरक छायाचित्रात न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. हॅम्पस्टेडच्या मध्यवर्ती चौकात चर्च आहेत, हिरवळ आहे, पण दुकानं नाहीत, ती कडेला. कारखाने तर नाहीतच. त्याच वर्षी जवळच गोल्डर्स ग्रीनचं भुयारी रेल्वेचं स्टेशन सुरू झालं आणि कमावणारे त्या वाटेने लंडनला जाऊ लागले. सर्व थरांतल्या लोकांनी एकत्र राहावं अशी बार्नेटबाईंची मनापासूनची इच्छा होती. कालांतराने तो भाग श्रीमंतांचा झाला. लेचवर्थची बरीचशी जमीन आजही एका विश्वस्त संस्थेकडे आहे आणि उत्पन्न गावात परत येतं. एकाच हातांनी काढलेले दोन नकाशे, पण एक निघालं शहर आणि दुसरं उपनगर. म्हणून मला इमारतींच्या दर्शनी भागावरून काही ठरवणं पटत नाही.

मग ओळखायचं कसं? कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला तिथल्या स्टेशनवर जाऊन उभे राहा. शहराकडे जाणाऱ्या फलाटावर गर्दी असणारच, ती बघायला जायची गरज नाही. नजर समोरच्या फलाटावर ठेवा. शहराकडून आलेली गाडी थांबली की तिच्यातून किती जण उतरतात? गळ्यात ओळखपत्र, हातात डबा, घड्याळाकडे बघत झपाझप जिना चढणारे असे किती? पुलावर जाणारे आणि येणारे एकमेकांना खांदा घासत वाट काढत असतील, तर या जागेला स्वतःची नोकरी आहे, असं मी समजते. गाडी जवळजवळ रिकामी आली, चारदोन जण उतरले आणि पूल फक्त एकाच दिशेने भरून वाहत असेल, तर ते उपनगर, मग कमानीवर काहीही लिहिलेलं असो. रेल्वे नसेल तर हीच परीक्षा मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंवर करता येते.

त्यानंतर दुपारी एकला पुन्हा एक चक्कर मारा. बँकेत रांग आहे का, झेरॉक्सच्या दुकानात कोणी उभं आहे का, खानावळीत एकेकटे घाईने जेवणारे दिसतात का. उपनगरात दुपारी आजी-आजोबा, तान्ही मुलं, त्यांना सांभाळणारी माणसं आणि फाटकावरचे सुरक्षारक्षक एवढेच भेटतात. ती शांतता कुणाला हवीहवीशी वाटेल, कुणाला खायला उठेल. पण घर घेण्याआधी ती एकदा कानांनी ऐकावी.

आता एक गुंता, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोकऱ्या आहेत म्हणजे तिथे राहणाऱ्यांनाच त्या मिळतात असं नसतं. स्टॉकहोमजवळचं वेलिंगब्यू १९५४ मध्ये मोठ्या उमेदीने सुरू झालं. काम, घर आणि केंद्र यांसाठीच्या स्वीडिश शब्दांची आद्याक्षरं जुळवून त्याला ‘एबीसी’ शहर म्हणत. नियोजन चोख होतं. भुयारी रेल्वे १९५२ मध्येच तिथे पोहोचली होती, म्हणजे केंद्राचं उद्घाटन व्हायच्या दोन वर्षं आधी. तरी झालं असं की राहणाऱ्यांपैकी बहुसंख्य स्टॉकहोमला कामाला जात राहिले आणि तिथल्या कचेऱ्यांत बाहेरून माणसं येत राहिली. कागदावर नोकऱ्या आणि घरं यांची तोंडमिळवणी झाली, माणसांची झाली नाही. कारण उघड आहे. माणूस घर एकदा घेतो आणि नोकरी अनेकदा बदलतो. शिवाय घरात कमावणारे दोघं असतील तर दोघांचीही कामं एकाच गावात जुळून येणं म्हणजे योगायोगच.

नवी मुंबईची गोष्ट उलट बाजूने तेच सांगते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकाच्या मध्याला खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. वाशीचा रस्तापूल १९७३ मध्ये खुला झाला, पण लोकल गाडी वाशीला पोहोचली १९९२ मध्ये. सरकारी कामकाजाचा मोठा भाग तिकडे जाईल, त्यापाठोपाठ नोकऱ्या जातील, असा हिशेब होता. मंत्रालय मात्र मुंबईतच राहिलं. घाऊक बाजार हलले, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने होते, तरी कित्येक वर्षं पुष्कळ लोकांसाठी ते राहायचं ठिकाण आणि मुंबई हे कामाचं ठिकाण, असंच चाललं. नंतर कचेऱ्या आल्या, महाविद्यालयं आली, उलट दिशेच्या गाड्या भरू लागल्या. उपग्रह शहर म्हणून आखलेली जागा आधी उपनगर म्हणून जगते, आणि एका पिढीनंतर खरोखरीचं शहर होते. प्रश्न असा की ती पिढी तुमची असणार की तुमच्या मुलांची?

म्हणूनच ‘वाढता भाग’ या शब्दाकडे नीट बघावं. विकास आराखड्यावर हिरव्या, निळ्या रंगात दाखवलेली शाळा, नाट्यगृह, रुग्णालय ही आरक्षणं असतात, म्हणजे त्या कामासाठी राखून ठेवलेल्या जागा. त्यांतलं आज उभं काय आहे, निधी मंजूर होऊन काम सुरू झालेलं काय आहे आणि कुंपण घातलेलं नुसतं गवत कुठे आहे, हे प्रत्यक्ष चालून बघता येतं. ब्रिटनमध्ये १९४६च्या कायद्याने नवी शहरं वसवली गेली. त्यांतलं पहिलं स्टीव्हनेज. घरं स्वच्छ, उजेडाची, अंगण असलेली. तरीही तिथे राहायला गेलेल्यांच्या उदासपणासाठी ‘न्यू टाऊन ब्लूज’ असा शब्दच रूढ झाला. विशेषतः तरुण आयांना एकटेपणा फार जाणवायचा: नवरा कामावर, आई आणि बहिणी जुन्या वस्तीत, आणि चार शब्द बोलायला अजून ओळखीचा ओटा नाही. यात घराचा काहीच दोष नव्हता. शेजार तयार व्हायला वेळ लागतो. नव्या भागात जाणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षं तो वेळ द्यायची तयारी ठेवावी, आणि सगळ्यात आधी कुणी काही सुरू करण्याची वाट न बघता मुलांसाठी किंवा वडीलधाऱ्यांसाठी काहीतरी स्वतःच सुरू करावं. असं कुणीतरी केलं की मग त्या इमारतीत राहणं सोपं होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

उपनगर कमी दर्जाचं असतं असं मी मुळीच म्हणत नाही. उलट दोघं कमावते असतील, दोघांचं क्षेत्र वेगळं असेल, पुढे नोकऱ्या बदलायच्या असतील, तर चांगली जोडणी असलेलं उपनगर अधिक शहाणपणाचं, कारण तिथून अख्ख्या महानगरातल्या नोकऱ्या आवाक्यात राहतात. उपग्रह शहर एखाद्याच मोठ्या उद्योगावर उभं असेल आणि तो उद्योग मंदावला, तर नोकरी आणि घराची किंमत दोन्ही एकदम घसरतात. तेव्हा उपनगरात तपासायची ती वाट, आणि उपग्रह शहरात तपासायचा तो रोजगार. उपनगरात शहराकडे जायच्या वाटा किती, एक बंद पडली तर दुसरी आहे का, शेवटची गाडी किती वाजता, हे विचारावं. उपग्रह शहरात मालक किती आणि किती प्रकारचे, हे विचारावं.

प्रवासाचा हिशेब तर वहीवर मांडावाच. जगभरच्या शहरांत माणसाचा रोजचा एकूण प्रवास सरासरी तासाभराच्या आसपास राहतो, असं प्रवासाचे अभ्यासक याकोव्ह झहावी यांच्या कामाचा आधार घेत इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं. त्यापुढे गेलं की अंगावर येऊ लागतं. दाराला कुलूप लावल्यापासून खुर्चीत बसेपर्यंतचा वेळ दीड तास धरला, तर येऊन-जाऊन तीन तास होतात. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर ७५० तास, म्हणजे ३१ पूर्ण दिवस-रात्री. वर्षातला एक अख्खा महिना. घराच्या किमतीत जी बचत दिसते तिच्यासमोर हा महिना लिहून ठेवावा आणि मग ठरवावं; काही जणांना तो देणं परवडतं, लहान मूल असलेल्यांना सहसा नाही.

जोडीने घर घेत असाल तर कामाच्या एका दिवशी दोघांनीही रजा टाका. सकाळी दोघं आपापल्या रोजच्या वेळेला त्या नव्या घराच्या दारातून निघा, आपापल्या कामाच्या फाटकापर्यंत जा आणि तिथून मागे फिरा. संध्याकाळी गर्दीच्या वेळेलाच परत या, मूल असेल तर त्यालाही सोबत घेऊन. सात वाजता त्या स्टेशनच्या पुलावर भेटा, आणि तिथून घरापर्यंत चालत जाताना रस्त्यावर दिवे आहेत का, पदपथ आहे का आणि एकमेकांशी बोलायला अंगात किती त्राण उरलंय, ते बघा.