महाद्वार रोड: देवीचा, बाजाराचा आणि सूर्याचाही

कोल्हापुरात घरातून निघताना कुणी 'जरा म्हाद्वारला जाऊन येतो' म्हणालं, तर माणूस देवीला निघालाय की पिशवी घेऊन बाजाराला, हे विचारावं लागतं. बहुतेक वेळा दोन्ही असतं. पापाच्या तिकटीपासून बिनखांबी गणेश मंदिरापर्यंतचा हा रस्ता रिकामा असेल तर दहा मिनिटांत चालून होतो. पण तो रिकामा कधी असतो? गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी या दिवसांत इथे माणूस चालत नाही, गर्दीच त्याला पुढे नेते. दोन्ही बाजूंना साड्या, बांगड्या, ओटीचं सामान, पोरांचे कपडे, पातेली-कढया; मधल्या उरल्या जागेत छत्र्या लावून बसलेले फेरीवाले, आणि 'घेऊ नका वैनी, नुसतं बघून तर जावा' हा हाकारा.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना एक कोडं पडतं. शहरात याहून रुंद रस्ते आहेत, गाडी लावायला जागा असलेल्या बाजारपेठा आहेत, झाडी असलेले चौक आहेत. मग सगळं कोल्हापूर या अरुंद रस्त्यावरच का लोटतं? उत्तरासाठी थोडं मागं जावं लागेल.

गजबजलेले रस्ते जगभर साधारण दोन वाटांनी जन्माला आलेले दिसतात. काही कुणीतरी ठरवून आखले. दिल्लीचा चांदणी चौक शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने सतराव्या शतकात वसवला, मधून कालवा आणि दुतर्फा दुकानं अशा नेटक्या आखणीने. काही रस्ते मात्र आधी पायांनी तुडवले, कागदावर नंतर आले. न्यूयॉर्कमध्ये १८११ साली काटकोनी रस्त्यांचा आराखडा झाला. त्यातून ब्रॉडवे आजही तिरपा जातो, कारण तिथल्या मूळ रहिवाशांची पायवाट आराखड्याच्या कितीतरी आधीची. लंडनचा ऑक्सफर्ड स्ट्रीट रोमन काळातल्या रस्त्याच्या रेषेवर आहे. अठराव्या शतकात न्यूगेटच्या तुरुंगातून कैद्यांना फाशी द्यायला टायबर्नला नेत तेही याच वाटेने, आणि ते पाहायला गर्दी लोटे. दुकानांची गर्दी नंतरची. कोल्हापुरात या दोन्ही जातीचे रस्ते आहेत आणि महाद्वार रोड उघडच दुसऱ्या जातीचा.

जुनं कोल्हापूर तटबंदीच्या आत होतं. तट आणि भोवती खंदक, आत यायला वेशी: गंगावेश, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस, आणि रविवार, मंगळवार, शनिवार या वारांच्या नावांच्या. तट गेला, खंदक बुजला, वेशी पडल्या; नावं मात्र लोकांनी सोडली नाहीत. आजही रिक्षावाल्याला 'गंगावेश' एवढंच सांगितलं की पुरतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून पेला हातात देतात. तो पेला तोंडाला लावणाऱ्या किती जणांच्या मनात येत असेल की आपण एकेकाळच्या शहराच्या दारात उभे आहोत?

या वेशींमधून महाद्वार रोडचा उलगडा होतो असं मला वाटतं. पंचगंगेच्या घाटावर आंघोळ करून आलेला यात्रेकरू गंगावेशीतून आत शिरणार, पापाची तिकटी ओलांडून देवळाच्या पश्चिम दाराशी येणार. दुसऱ्या अंगाने वरुणतीर्थाकडून येणाराही तिथेच. अंबाबाईच्या देवळाला चारी दिशांना दारं आहेत. उत्तरेचा घाटी दरवाजा, पूर्वेचं आणि दक्षिणेचं दार यांनाही भरपूर राबता आहे. पण देवी पश्चिमाभिमुख. तिच्या थेट समोरचं दार ते महाद्वार, आणि त्या दारासमोरून जाणारी वाट तो महाद्वार रोड. नाव कुठल्या पुढाऱ्याचं नाही, राजाचं नाही, दाराचं आहे. नाव बदलायचं कुणाच्या मनात आलं तरी जमणार नाही, कारण दार जागेवरच आहे.

मोगलांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत देवीची मूर्ती लपवून ठेवली होती. १७१५ साली तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात करवीरच्या छत्रपतींची गादी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली. देऊळ, राजवाडा आणि दरबार एवढ्याशा तटाच्या आत एकमेकांना खेटून उभे राहिले. दरबार आला की सराफ येतो, सराफ आला की कापडवाला येतो. महाद्वार रोडला येऊन मिळणारी गुजरी ही सराफांची गल्ली आजही देवळाच्या सावलीत आहे. कोल्हापुरी साज, ठुशी, चिंचपेटी करायची ती गुजरीतच, असं मानणारी घरं अजून आहेत. लग्न ठरलं की आधी देवीला, मग गुजरीला, मग महाद्वारवर साड्यांना; आमच्या आज्जीच्या हिशेबात हे एकच काम होतं, तीन नव्हती.

पुढचा मोठा बदल रेल्वेने घडवला. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. स्टेशन गावठाणाच्या बाहेर, पूर्वेला. गुळाच्या गाड्या कुठे जाणार? जुन्या पेठेत शिरून अडकण्यापेक्षा स्टेशनाजवळच. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि दुसऱ्याच वर्षी, १८९५ ला, शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. सरळ रस्ते, क्रमांकाच्या गल्ल्या, अडतीसाठी जागा. गूळ म्हटलं की कोल्हापूर हे समीकरण पक्कं व्हायला या पेठेचा मोठा हात आहे. पेठ वसवायची महाराजांना हौस नव्हती, हिशेब होता. व्यापार पिकला तर संस्थान पिकणार. १९१७ ला वसवलेलं जयसिंगपूर त्याच हिशेबातलं.

त्यांच्यानंतर राजाराम महाराजांच्या काळात लक्ष्मीपुरी आली, राजारामपुरी आली. राजारामपुरी हा तर आखीव शहराचा नमुनाच: पहिली गल्ली ते चौदावी गल्ली, पत्ता सांगायला नावाची गरजच नाही. आज कपड्यांच्या मोठ्या दुकानांची, खाण्यापिण्याची आणि तरुण पोरांची गर्दी राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर असते. तिथे काचेच्या दारांआड दर ठरलेला असतो. महाद्वारवर दर ही बोलाचालीची सुरुवात असते.

जुन्या शहरातही रुंद रस्ते काढायचा प्रयत्न झाला. भाऊसिंगजी रोड हे नाव कोल्हापूरकर रोज घेतात, पण हे भाऊसिंगजी कोण हे विचारलं तर दहातले आठ जण मान खाजवतील. ते भावनगरचे महाराज, शाहू महाराजांचे राजकोटच्या राजकुमार कॉलेजातले सोबती. मित्राच्या नावाने रस्ता करणारा राजा, हे मला शाहूंच्या बाबतीत फार आवडतं. याच रस्त्यावर १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे आणि महापालिकेची मुख्य इमारतही. थोड्या अंतरावर शिवाजी चौक. तिथे आधी मुंबईचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. स्वातंत्र्य चळवळीत लोकांनी तो विद्रूप केला आणि १९४५ ला त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे डिसेंबर १९५० मध्ये उभारले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. कोल्हापूरचे चौक बोलके आहेत, त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल.

तर रस्ते काढले, पेठा वसवल्या, आणि तरीही गर्दी हलली नाही. गूळ हलला, धान्य हललं, पुढे सिनेमागृहं हलली. देवी कशी हलणार? आणि देवीबरोबर जे लागतं, हळद-कुंकू, खण-नारळ, हिरव्या बांगड्या, परतीला नेण्याचा पेढा, आणि परगावच्या माणसाला लागणारी कोल्हापुरी चप्पल, ते सगळं तिच्या दारातच राहिलं. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच धाटणीच्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा इथे केवढा गहजब झाला. गंमत म्हणजे त्या दिवसांत पायताण घ्यायला येणारं गिऱ्हाईक करकर वाजणारी जोडी पायात घालून आधी फोटो काढायचं, मग दर विचारायचं.

बोलण्यातला एक शब्द इथे थांबून पाहण्यासारखा आहे: तिकटी. तीन रस्ते मिळतात ती जागा. पुण्यात तिथे चौक म्हणतात, कोकणात तिठा म्हणतात. कोल्हापुरात पापाची तिकटी, मिरजकर तिकटी. आखीव पेठांमध्ये रस्ते काटकोनात छेदतात, तिथे चौक तयार होतात. तिकटी होते ती पायवाटा एकमेकींत शिरतात तेव्हा. म्हणजे महाद्वारच्या टोकाला असलेलं नावच या रस्त्याचा जन्म सांगतं.

मिरवणुकांनीही हेच पक्कं केलं. अनंत चतुर्दशीला मुख्य विसर्जन मिरवणूक खासबागेकडून निघते, मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, मग महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश आणि पंचगंगा. नकाशावर हा मार्ग पाहिला की लक्षात येतं, यात्रेकरूची जुनी वाटच उलटी चालली आहे. नदीकडून देवळाकडे नव्हे, देवळाकडून नदीकडे. गर्दी आवरत नाही म्हणून प्रशासनाने समांतर मार्ग काढले, बऱ्याच मूर्तींच्या विसर्जनासाठी इराणी खणीची, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या खाणीची, सोय केली. तरी तालीम-मंडळांचा जीव महाद्वारवर. समोरच्या गॅलरीतल्या बायका-पोरांनी आपलं ढोलपथक पाहिल्याशिवाय आणि महाद्वार चौकात दोन मिनिटं नाचल्याशिवाय मिरवणूक झाली असं कुणाला वाटत नाही. त्या दोन मिनिटांची बेरीज होऊन दुसरा दिवस उजाडतो. आवाजाचा त्रास आहे, आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींजवळ उभं राहिलं की तो छातीत जाणवतो. हे आपलं कौतुक करताना विसरू नये.

नवरात्रात अष्टमीच्या रात्री मात्र हाच रस्ता वेगळा दिसतो. देवी नगरप्रदक्षिणेला महाद्वारातून बाहेर पडते. गुजरीत रांगोळ्यांचे गालिचे पडतात. दुपारपर्यंत ज्या फूटभर जागेवरून भांडणं चालली होती ती जागा कुणी न सांगता रिकामी होते. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी रथ निघतो, तेव्हाही तसंच. मला याचं नेहमी नवल वाटतं, कारण एरवी हीच जागा शहराच्या वादाची. फेरीवाल्यांना हटवायचं की बसवायचं यावर इथे किती मोर्चे निघाले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याला हक्क दिला, पण त्याचा फूटभर तुकडा नेमका कुठे, हे त्या कायद्यात महाद्वारपुरतं लिहिलेलं नाही. दुकानदाराला दारासमोर हातगाडी नको, फेरीवाल्याला देवीच्या दारापासून लांब जागा नको, आणि गिऱ्हाइकाला दोघंही हवे.

या वादात आणखी एक हक्कदार आहे, सूर्य. देवीच्या मूर्तीवर मावळतीची किरणं पडतात तो किरणोत्सव वर्षातून दोनदा: ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर. किरणं रंकाळ्याच्या बाजूने येतात, ताराबाई रोडच्या अंगाने महाद्वार रोड ओलांडतात, महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा असं करत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी पाय, मग छाती, मग मुख. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी ही रेघ धरूनच बांधलं. तेव्हा मध्ये पश्चिमेला अडवणारं काही नव्हतं. आता इमारती आहेत, टाक्या आहेत, फलक आहेत, केबल आहेत. किरणं कमी पडली की मार्गातल्या अडथळ्यांची मोजणी होते, काही काढले जातात, काही वर्षांनी दुसरे उगवतात. कधी सगळी वाट मोकळी असते आणि नेमका ढग येतो.

एका नोव्हेंबरात मी महाद्वाराच्या कमानीपाशी उभा होतो. आत दिवे मालवलेले, पावणेसहाचा सुमार. बाहेर बाजार चालूच. पाठीमागून एक म्हातारा हारवाला शेजारच्या बांगडीवालीला म्हणाला, 'आक्का, छत्री जरा खाली घ्या, आईचं ऊन अडतंय.' त्या छत्रीने काही अडत नव्हतं, ऊन तिच्या वरून जात होतं. तिने मात्र छत्री मिटली, मांडीवर ठेवली आणि समोरच्या पोरीच्या हातात बांगड्या भरत राहिली, अडीचचा की दोन-सहाचा माप, एवढंच विचारत.