मुंबईतील कापडटंचाई (दुसरे महायुद्ध)

दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात मुंबईकरांना रोजच्या वापराच्या कापडासाठी सोसावी लागलेली टंचाई व तिच्यावरील सरकारी नियंत्रणे. परळ, लालबाग, वरळीच्या गिरण्या त्या काळात पाळ्या वाढवून चालत होत्या. तरी गिरणगावातल्या चाळींत धडके धोतर मिळणे दुरापास्त झाले. ही टंचाई उत्पादन थांबल्यामुळे आली नव्हती, हे मुद्दाम ध्यानात ठेवले पाहिजे. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरल्यावर तिथून येणारे स्वस्त कापड बंद झाले, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा माल आधीच आटला होता. गिरण्यांचा मोठा माल लष्कराच्या खाकीकडे व तंबूंकडे वळला, काही परदेशी रवाना झाला. उरलेल्यावर साठेबाजांची नजर होती.

भाव कित्येक पटींनी चढले, तेव्हा जून 1943 मध्ये सरकारने सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढला. कापडाचा कमाल भाव ठरला आणि तो कापडावरच छापणे गिरण्यांना बंधनकारक झाले, म्हणजे गिऱ्हाइकाला भाव स्वतः वाचता यावा. गरिबांसाठी ठरावीक प्रतीचे ‘स्टँडर्ड’ कापडही काढण्यात आले. धान्याचे रेशनिंग मुंबईत मे 1943 पासूनच सुरू होते. छापील भावाने कापड मागणाऱ्याला दुकानात ‘माल संपला’ हे उत्तर मिळे आणि तेच कापड काळ्या बाजारात निघे.

सर्वांत जास्त ओढाताण बायकांची झाली. नऊवारी लुगड्याला सहावारीच्या दीडपट कापड लागते, आणि अंगावर एक, वाळत एक एवढ्यावर भागवायचे तर दोन लुगडी हवीतच. फाटलेल्या लुगड्याचे दंड घालायचे, म्हणजे विरलेला मधला भाग कापून धडके भाग जोडायचे, ही जुनी काटकसर अशा वेळी कामी येई. त्यातूनही उरलेल्या चिंध्यांची गोधडी होई, लहान मुलांची झबली होत. टंचाईच्या इतिहासात आदेश आणि आकडे नोंदले गेले. सुईदोऱ्याचे हे काम मात्र कुणी मोजले नाही, आणि खरा भार त्यानेच पेलला.

14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीचा स्फोट झाला. तिच्यात दारूगोळ्यासोबत कापसाच्या हजारो गासड्या भरल्या होत्या. पेटता कापूस आसपासच्या वस्तीवर उडाला आणि असंख्य कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आली.

युद्ध 1945 मध्ये संपले, टंचाई संपली नाही. जानेवारी 1948 मध्ये नियंत्रण उठवताच भाव उसळले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लावावे लागले. नियंत्रणासाठी 1943 मध्ये स्थापन झालेले वस्त्र आयुक्तांचे कार्यालय पुढेही मुंबईतच राहिले.