ज्येष्ठमध देताना आम्ही बीपी का विचारतो

ॲसिडिटीसाठी किंवा डॉक्टरांनी 'जठराला सूज आहे' असं सांगितल्यावर ज्येष्ठमध न्यायला येणाऱ्यांची दोन गाऱ्हाणी असतात. पुडी 50 ग्रॅमचीच का, आणि एका मुळीसाठी एवढी चौकशी कशाला? दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून हे पत्रक.

ज्येष्ठमधाने आम्ल कमी होत नाही. ते काम पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांचं. ज्येष्ठमध जठराच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर राखायला मदत करतं. हा थर जपणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीर बनवत असतं आणि मोडतही असतं; मुळीतल्या ग्लायसिरायझिन या घटकामुळे ती मोडण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे पहिल्या चमच्याला जळजळ थांबली नाही म्हणून माल जुना आहे असं समजू नका. उलट पेनकिलर गोळ्या हीच द्रव्यं बनू देत नाहीत. सकाळी ज्येष्ठमध आणि दुपारी डायक्लोफिनॅक असं चालू असेल, तर आमच्याकडून कितीही चांगला माल नेलात तरी पैसे वायाच जातील.

आता मुद्द्याचं. 1946 साली रेव्हर्स या डच डॉक्टरांनी ज्येष्ठमधाच्या अर्काचा जठराच्या अल्सरवर गुण येतो असं नोंदवलं, आणि काही रुग्णांच्या अंगावर सूज येते हेही तेव्हाच लिहिलं. गुण देणारं ग्लायसिरायझिनच या सुजेचं कारण. त्याच्यामुळे कॉर्टिसोल हे शरीरातलंच संप्रेरक मूत्रपिंडात निष्प्रभ होत नाही. मग शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. बीपी चढतं, पाऊल सुजतं, पिंढऱ्यांत गोळे येतात, अशक्तपणा वाटतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: बीपीची गोळी चालू असताना महिनोन् महिने ज्येष्ठमध घेणं, आणि ते डॉक्टरांना न सांगणं. चव गोड, वनस्पतीचं औषध, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. डॉक्टर मात्र बीपीच्या गोळीचा डोस वाढवत बसतात. हिशेब करून पाहा. सपाट छोटा चमचा म्हणजे 2 ते 3 ग्रॅम चूर्ण. 3 ग्रॅममध्ये 4 टक्के ग्लायसिरायझिन धरलं तरी 120 मिलिग्रॅम होतं. युरोपात रोज घेणाऱ्यांसाठी 100 मिलिग्रॅमची वरची मर्यादा सुचवलेली आहे. आपल्याकडे तर चमचा शीग भरूनच घेतात.

म्हणून बीपी, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, लघवीच्या गोळ्या, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध), स्टेरॉइड किंवा गरोदरपण, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही साधं चूर्ण देत नाही. इतरांनीही सलग चार आठवड्यांच्या वर घेऊ नये. पुडी लहान ठेवण्याचं हेच कारण. अर्धा किलो घरात असला की तो संपेपर्यंत खाल्ला जातो. शिवाय पावसाळ्यात चूर्ण ओल धरतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि मग 'बदलून द्या' म्हणून फेरी पडते.

ज्यांना साधं चूर्ण चालत नाही त्यांच्यासाठी ग्लायसिरायझिन काढून टाकलेल्या ज्येष्ठमधाच्या, म्हणजे डीजीएलच्या गोळ्या ठेवतो. महाग आहेत, पण बीपीवाल्यांनी डॉक्टरांना त्यांच्याबद्दल जरूर विचारावं. त्या जेवणाआधी चघळून खायच्या, पाण्याबरोबर गिळायच्या नाहीत.

आमच्या काड्या मोडून बघा: साल तपकिरी, आत पिवळा धागेदार गाभा, आणि चावल्यावर गोडी बराच वेळ जिभेवर राहते. आपल्या बाजारात येणारा बराचसा माल अफगाणिस्तान, इराणकडचा असतो. आम्ही काड्या निवडून, दळून, वस्त्रगाळ करूनच देतो. भाव चार पैसे जास्त दिसतो तो त्यामुळे.

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी किंवा वजन उतरणं असेल, तर दुकानात येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा. छातीत दाब येऊन घाम फुटला तर ती ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. तपासणीत हेलिकोबॅक्टर जंतू निघाला असेल तर अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा. आमच्या कुठल्याही चूर्णाने तो जाणार नाही.

मुलाला किंवा शेजाऱ्यांना पाठवणार असाल, तर चिठ्ठीवर घेणाऱ्याचं वय, बीपी आहे की नाही आणि चालू गोळ्यांची नावं लिहा. नुसतं 'ज्येष्ठमध 1 पुडी' लिहिलेलं असलं की आम्हाला फोन करावा लागतो, आणि तो लागेपर्यंत निरोप घेऊन आलेला माणूस ताटकळतो.