अभ्यासिका

अभ्यासिका म्हणजे घरी न मिळणारी शांतता मिळावी म्हणून अभ्यासासाठी राखलेली सामाईक जागा. ग्रंथालयाशी तिचे जवळचे नाते आहे. पण ग्रंथालयात माणूस पुस्तकासाठी जातो. अभ्यासिकेत पुस्तके आपलीच असतात, खुर्ची आणि शांतता तेवढी तिथली. महाराष्ट्रात नगरपालिका, सार्वजनिक वाचनालये आणि गणेशोत्सव मंडळे अभ्यासिका चालवतात. मोठ्या शहरांत मात्र खासगी अभ्यासिकांचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे.

या प्रथेचे मूळ घराच्या आकारात आहे. मुंबईत १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी बांधल्या. त्यातली एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यातच स्वयंपाक, पाहुणे, आजारपण आणि झोप. अशा घरातल्या मुलाला ‘मन लावून अभ्यास कर’ म्हणणे सोपे, पण वही उघडायला कोपरा कुठला? वरळीच्या मुलांनी तो रस्त्यावर शोधला. सुदाम काळू अहिरे मार्गावर वर्दळ कमी आणि दिवे चांगले, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुले रात्री तिथे वाचत बसली. लोकांनी त्या रस्त्याला ‘अभ्यास गल्ली’ हे नाव दिले. पुढे महापालिकेने तिथे सुशोभीकरण केले. ही गल्ली अभ्यासिकेचे सर्वांत प्रांजळ रूप आहे: छप्पर नाही, फी नाही, फक्त उजेड आणि शेजारी वाचत बसलेला दुसरा मुलगा.

पुण्यातले रूप वेगळे आहे. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली राज्यभरातून येतात. कॉट बेसिसवरची, म्हणजे एका खाटेपुरते भाडे भरून इतरांसोबत वाटून घेतलेली खोली, मेस आणि अभ्यासिका या तीन ठिकाणांत त्यांचा दिवस जातो. अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीवर सीट मिळते. तिन्ही बाजूंनी प्लायवूडचा आडोसा, वर दिवा, चार्जिंगचा पॉइंट, पुस्तकांना फळी. एसी असेल तर फी जास्त. अनेक अभ्यासिका चोवीस तास उघड्या असतात. आत कुजबुजही चालत नाही. चर्चा करायची ती खाली, चहाच्या टपरीवर. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि ही मुले गावी परतली, तेव्हा पुस्तके सोबत नेता आली तरी अभ्यासाची बैठक मागेच राहिली.

कुजबुजीवरची बंदी ही नुसती शिस्त नव्हे. १९७६मध्ये कॉल आणि वेल्श या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी दाखवले, की कानावर पडणारे बोलणे न समजणाऱ्या भाषेतले असले तरी क्रमाने लक्षात ठेवण्याचे काम बिघडते. पंख्याची एकसुरी घरघर तितकी आड येत नाही. बोलण्यात आवाज सतत बदलतो आणि मन त्यामागे धावते. म्हणून हळू आवाजातला फोनही दारात थांबवलेलाच बरा. फोन सायलेंटवर असूनही नुसता टेबलावर असला तर कामगिरी घटते, असे २०१७च्या एका अभ्यासात आढळले होते; नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसे दिसले नाही. तरीही फोन मित्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्याची मुलांची पद्धत शहाणपणाची आहे. उठून मागायला जावे लागते, आणि तेवढ्यात बहुतेक वेळा इच्छा ओसरते.

शेजारच्या सीटवर बसलेल्याचा उपयोग अधिक गुंतागुंतीचा आहे. सोबत कोणी असेल तर सायकलस्वार अधिक वेगाने जातात, हे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८मध्ये मांडले. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५मध्ये त्यात महत्त्वाचा भेद केला: इतरांच्या उपस्थितीत सरावाचे काम सुधारते, नवे आणि अवघड काम मात्र अडखळते. हे अभ्यासिकेला लावून पाहिले तर उजळणी आणि प्रश्नपत्रिका सोडवणे तिथे छान जमावे, पण अर्थशास्त्रातली न कळलेली संकल्पना पहिल्यांदा समजून घ्यायला एकांत किंवा समजावणारा मित्र अधिक उपयोगी पडावा. बारा तास सीटवर काढल्याचा हिशेब सांगितला जातो, त्यात हा फरक हरवतो. पेंगत काढलेले तासही त्याच बेरजेत येतात.

जागेची निवड हा जिवाचाही प्रश्न आहे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरात पावसाचे पाणी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात शिरले आणि यूपीएससीची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. त्या तळघरात ग्रंथालय चालत होते. परवानगी साठवणुकीची होती. महाराष्ट्रातली कित्येक मुले त्याच भागात राहून शिकतात. सीट घेताना दिवा, पंखा आणि फीबरोबर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, तो रात्री उघडा असतो का, हेही विचारायला हवे.